दाखला निकाली निघाला, पण आजी परत आल्या

प्रश्न : नमस्कार सर, मी नागपुरात एका सरकारी ऑफिसात दाखल्यांच्या टेबलवर आहे. मागे ट्रेनिंगमध्ये ‘पब्लिक व्हॅल्यू’ आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटवर लेक्चर झालं, ऐकायला छान वाटलं पण माझ्या टेबलवर त्याचं करायचं काय? निकाली अर्जांचा आमचा आकडा दर महिन्याला चांगला असतो, साहेब खूश असतात, तरी खिडकीसमोर तीच तीच माणसं परत उभी दिसतात.
– एक वाचक, महाल

उत्तर : भाऊ, तीच माणसं परत दिसतात हे तुमच्या लक्षात आलं न, तिथूनच सुरू करा. ‘पब्लिक व्हॅल्यू’ म्हणजे सरकारी कामातून लोकांचं खरं किती भलं झालं ते, हा विचार हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क मूर यांनी 1995 मध्ये मांडला. दुकानदाराला संध्याकाळी गल्ला मोजला की कळतं दिवस कसा गेला, आपल्याला गल्ला नाही, आपण लोकांच्या टॅक्सवर आणि कायद्याने दिलेल्या अधिकारावर चालतो, मग त्यातून लोकांचं काय भलं झालं हेच मोजावं लागतं. स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटचं म्हणाल तर मूर म्हणतात तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत : काम खरंच उपयोगाचं आहे का, त्याला वरिष्ठांचा आणि लोकांचा पाठिंबा आहे का, आणि ते करायला माणसं, पैसा, सिस्टिम हाताशी आहे का.

आपल्या नागपुरातल्या भांडेवाडीचंच बघा. तिथला 130 एमएलडीचा प्लँट, म्हणजे दिवसाला 13 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करायची ताकद. नुसतं ‘इतकं शुद्ध केलं’ म्हणून ते नाल्यात सोडून दिलं असतं तरी कागदावर काम झालंच असतं. पण मनपाने महानिर्मितीशी, म्हणजे राज्याच्या वीज तयार करणाऱ्या सरकारी कंपनीशी, करार केला, केंद्राच्या योजनेतून पैसा आला, ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जायला लागलं आणि तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचलं. तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून झालं ते.

आता तुमचं टेबल. जूनमध्ये अ‍ॅडमिशनच्या गर्दीत मी एका खिडकीशी उभा होतो, पुढे एक आजी, नातवासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आलेल्या, पन्नीत गुंडाळलेले कागद पिशवीतून एकेक काढत होत्या. रेशन कार्डावर शांताबाई आणि आधारवर नुसतं शांता, म्हणून अर्ज परत, आणि कॉम्प्युटरवर तो अर्ज ‘निकाली’! त्यांची रोजी बुडाली ती कोणत्याच रिपोर्टमध्ये नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

म्हणून एक साधी वही करा. महिनाभर परत गेलेला प्रत्येक अर्ज कशामुळे गेला ते एका ओळीत लिहा, नावातला फरक, स्वयंघोषणापत्र नाही, फोटो नाही, जे असेल ते, बहुतेक तीच दोन-चार कारणं फिरून फिरून येतील. ती वही घेऊन साहेबांकडे जा, एकट्याने परस्पर काही बदलू नका, पाठिंबा नसला तर तुमची बदली झाली की सगळं बंद पडतं. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, त्यात अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, कारणाशिवाय मुदत चुकवली तर 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो, तेव्हा साहेबांनाही हे कामाचं वाटेल. मागायचं एवढंच की अर्ज अपलोड व्हायच्या आधी कागद तपासायला सकाळी एक तास एक माणूस बाहेर बसवू द्या. नवीन पोस्ट नको, बजेट नको.

आणि पुढच्या महिन्यात निकालीच्या आकड्याशेजारी अजून एक आकडा लिहा : एकाच फेरीत किती जणांचं काम झालं. तो आकडा आला की मला नक्की कळवा.