खायचा तांदूळ, द्यायचा तांदूळ

शाबान, म्हणजे रमजानच्या आधीचा महिना, लागला की माझ्या टपालाचा रंग बदलतो. एरवी सुनेचं पटत नाही, मुलगा अभ्यास करत नाही असं लिहिणारे वाचक एकदम देण्याघेण्याचं विचारू लागतात. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाई, नाही, हे दरवर्षी सांगते. चिपळुणात 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई आहे मी. मसल्याचा, म्हणजे धर्मनियमाचा पेच असेल तर तुमच्या मशिदीतल्या मौलानांकडे जा. माझ्याकडे आहे ती थोडी वाचलेली पानं आणि बरीचशी पाहिलेली माणसं.

बाई, सलाम. मी दर रमजानला हिशेब करून जकात काढतो. तरी घरचे ‘सदका काढ’ म्हणून मागे लागतात. अडीच टक्के दिल्यावर विषय संपत नाही का? – एक वाचक, पुणे

जकातीचा संपतो. 7.5 तोळे सोनं किंवा 52.5 तोळे चांदीच्या किमतीची मालमत्ता चांद्र वर्षभर हाताशी राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा देणं फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे. ते तुम्ही करता, छान. पण कुराणातल्या सूरह बकराची 177वी आयत उघडून बघा. मालाची ओढ असतानाही तो नातेवाइकांना, अनाथांना, गरजूंना, वाटसरूंना, मागणाऱ्यांना द्यावा, हे तिथे आधी येतं आणि जकात त्याच्यानंतर, वेगळी. दोन्ही एकच असतं तर एका आयतीत दोनदा कशाला आलं असतं? सदका म्हणजे आपखुशीचं दान, त्याला ना रक्कम ठरलेली, ना तारीख, ना तोळ्यांची अट.

तुमच्या घरचे म्हणतात तो ‘सदका काढणं’ मात्र बहुतेक आमच्या घरातल्यासारखा असावा. पोराला ताप आला की डोक्यावरून नोट ओवाळायची आणि दारात येईल त्याला द्यायची. ओवाळण्याबद्दल मी भांडत बसत नाही. नोट कुणाच्या तरी हातात पडली म्हणजे झालं.

आमच्या मोहल्ल्यातली पोरं रमजानचं रेशन वाटतात. काम चांगलं करतात, पण प्रत्येक किट देताना फोटो काढून ग्रुपवर टाकतात. शेजारणीचा फोटो तिच्या मुलाच्या वर्गातल्या पोरांनी पाहिला, आता तो शाळेत जायला कुरकुरतो. पोरांना बोलले तर म्हणतात, ‘चाची, आखातातले लोक पैसे पाठवतात, त्यांना पुरावा नको का?’ – एक वाचक, महाड

बहिणी, या प्रश्नावर माझं मन तटस्थ नाही, आणि का नाही ते आधी सांगते.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं. ती रात्र आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढली. पाणी उतरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल, आणि तांदळाच्या डब्यात तांदूळ फुगून आंबलेला. जन्मभर फित्रा, म्हणजे ईदआधीचं धान्याचं दान, मोजून देणारी मी तिसऱ्या दिवशी रांगेत उभी होते. बाहेरगावची एक टोळी टेम्पो घेऊन आली होती. नाव सांगत नाही, भली पोरं होती, रात्रभर गाडी चालवून आली होती. माझा नंबर आला तेव्हा एकाने पिशवी हातात दिली, पण सोडली नाही. पिशवीचा एक बंद त्याच्या हातात, एक माझ्या. ‘काकी, इकडे बघा.’ मी बघितलं. तेलाची पिशवी वर दिसत नव्हती म्हणून त्याने ती नीट वर काढून ठेवली आणि दुसऱ्यांदा ‘काकी, इकडे’ म्हणाला. चार दिवसांनी कुवेतहून भाच्याचा फोन आला. ‘खाला, तो फोटोतला चेहरा तुमचाच ना?’ त्याला काय सांगणार? तेल चांगलं होतं, महिनाभर पुरलं. पण पिशवीचा तो दुसरा बंद मला अजून आठवतो.

आता तुमच्या पोरांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. परदेशात राबून पैसे पाठवणाऱ्याला आपला पैसा पोहोचला की नाही हे कळायला हवं, आणि हिशेब न देणाऱ्या कमिट्याही मी पाहिल्यात. उघड दिलेलं दानही चांगलंच, असं कुराणात आहे (सूरह 2, आयत 271, म्हणजे 2:271), पण लगेच पुढे आहे की गुपचूप गरजूंना द्याल तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. पोरं पहिला अर्धा भाग पाठ करून आलेली असतात. त्यांना विचारा, उघड करायचंय ते आपलं देणं ना? मग घेणाऱ्याचं तोंड त्यात कुठून आलं?

पुराव्यासाठी फोटो हवाच तर पोत्यांचा काढा. किराणावाल्याचं पक्कं बिल टाका, किती घरं झाली तो आकडा टाका. नावांची यादी दोन वयस्क माणसांपाशी राहू द्या. त्याहून बरं म्हणजे किट भरूच नका, मोहल्ल्यातल्या दुकानाची चिठ्ठी द्या. बाई दुकानात जाते, चारचौघींसारखं सामान घेते, चिठ्ठी देते. मागे उभ्या असलेल्याला ती उधारीची वही आहे की काय, कळतही नाही. शिवाय तिला डाळ नको असेल आणि साबण हवा असेल तर साबण घेता येतो. किटमध्ये साबण कधीच नसतो, का कोण जाणे.

आणि त्या मुलाच्या वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा. हे काम ग्रुपवर होणार नाही.

नमस्कार बाई. 2019च्या पुरात आमच्या गल्लीत शेजारच्या मशिदीतून दोन वेळचं जेवण यायचं. आम्ही हिंदू. नंतर कुणीतरी म्हणालं की मुसलमानांचं दान फक्त मुसलमानांनाच असतं. मग ते काय होतं? आणि आम्हाला रमजानमध्ये काही द्यायचं असेल तर घेतील का? – एक वाचक, सांगली

नमस्कार. म्हणणाऱ्याने दोन गोष्टींची गल्लत केली. जकात कुणाला द्यायची त्याचे आठ वर्ग कुराणात (9:60) ठरवून दिलेत आणि बहुतेक फिकहप्रमाणे, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे, ती गरीब मुसलमानांना जाते. सदक्याला असं कुंपण नाही. तुमच्या ताटात आलेली खिचडी सदका होती, किंवा नुसता शेजार.

मदिन्यात काहींना प्रश्न पडला होता की इस्लाम न स्वीकारलेल्या नातलगांना द्यावं का. तेव्हाची आयत आहे (2:272): त्यांना मार्गावर आणणं तुझ्याकडे नाही, तुम्ही चांगलं जे खर्च कराल ते तुमच्यासाठीच आहे. पैगंबरांचे सोबती हजरत अबू बक्र यांची मुलगी अस्मा हिची आईही मुसलमान नव्हती. ती भेटीला आली तेव्हा अस्माने पैगंबरांना विचारलं, हिच्याशी नातं ठेवू का? ते म्हणाले, ठेव.

तुम्ही जरूर द्या. खजूर, केळी, कलिंगड, दूध. मात्र आदल्या दिवशी मशिदीच्या सेक्रेटरीला विचारून घ्या, नाहीतर एकाच संध्याकाळी पन्नास डझन केळी येतात आणि दुसऱ्या दिवशी रोजा पाण्यावर सुटतो.

वडिलांच्या नावाने काहीतरी कायमचं करायचंय. भाऊ म्हणतो मशिदीत पंखे देऊ. माझ्या मनात एका मुलीची नर्सिंगची फी भरायची आहे. सदका-ए-जारिया कशाला म्हणायचं? – एक वाचक, मुंब्रा

माणूस गेल्यावर तीन गोष्टी मागे चालू राहतात, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आहे: वाहता राहणारा सदका, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान आणि दुवा करणारी औलाद. पंखाही त्यात बसतो, उन्हाळ्यात तर फारच. पण आमच्या मशिदीत पंखे माणसांपेक्षा जास्त झालेत आणि प्रत्येकाच्या पात्यावर लाल रंगात कुणाचं तरी नाव आहे. गंमत म्हणजे पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही.

फी भरा. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी, आपले कोकणी नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि मंडळींनी 1874 मध्ये अंजुमन-इ-इस्लाम काढली, तिच्या शाळांमधून आजही मुलं बाहेर पडताहेत. एवढं मोठं आपल्याला जमणार नाही, एक नर्स जमेल. भावाला म्हणावं, ती रात्रपाळीत ज्याला ज्याला पाणी पाजेल तो हिशेब वडिलांच्या वहीत.

धाकट्या भावाचं दुकान बसलंय. तो मागणार नाही, मानी आहे. त्याला जकातीचे पैसे देता येतील का? आणि ‘ही जकात आहे’ असं सांगावं लागतं का? – एक वाचक, कल्याण

देता येतील. भाऊ खरोखर जकात घेणाऱ्या त्या आठ वर्गांत बसत असेल आणि त्याचा खर्च तुमच्यावर नसेल तर चालतं. आईवडिलांना आणि स्वतःच्या मुलांना मात्र जकात चालत नाही, त्यांना पोसणं हे आपलं कामच आहे. सांगायची गरज नाही, देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. मुलांना ईदी म्हणून द्या, नाहीतर ‘माल भर, हिशेब नंतर बघू’ म्हणा आणि नंतर बघू नका. नातलगाला दिलं की सदका आणि नातं, असा दुहेरी सवाब, म्हणजे पुण्य, असल्याचं हदीसमध्ये आहे.

आमची दादी अशा घरी काही पाठवायची तर कधी भांड्यातून पाठवायची नाही. केळीचं पान चुलीवर जरा शेकून मऊ करायची, त्यात सांदणं ठेवून वाखाने बांधायची आणि मला पिटाळायची. मला ते ओझं धरता यायचं नाही. एकदा विचारलं, डबा का नाही देत? म्हणाली, ‘डबा गेला की त्यांना तो भरून परत पाठवावा लागेल. कुठून भरतील?’ शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत आपल्याकडे सगळ्याच घरांत आहे. दादीने भांडंच काढून टाकलं होतं.

फित्रा तांदूळच द्यावा की पैसे चालतील? – एक वाचक, रत्नागिरी

आपण कोकणी मुसलमान शाफई फिकहचे. आपल्याकडे घरातल्या प्रत्येक माणसामागे एक साअ, म्हणजे साधारण अडीच-तीन किलो, जे रोज खातो ते धान्य. म्हणजे तांदूळच. हनफी फिकहची मंडळी किंमत दिली तरी चालते म्हणतात, माझी शेजारीण पैसेच देते. दोघींचंही ईदच्या नमाजाआधी पोहोचायला हवं, उशीर करू नका.

गेल्या वर्षी मी बाजारात गेले आणि म्हटलं, पंधरा किलो तांदूळ दे. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. त्याने विचारलं, ‘बाई, खायचा की द्यायचा?’ दोन पोती शेजारी शेजारी होती. द्यायच्या पोत्यातला मूठभर हातावर घेतला तर अर्धी कणी, आणि वास. कुराणात आहे (2:267), स्वतः घ्यायची वेळ आली तर डोळे मिटूनच घ्याल असलं निवडून देऊ नका. पण दुकानात कुठे आयत सांगत बसणार? म्हटलं, ‘खायचा दे.’ त्याने मोजला, गाठ मारली आणि विचारलं, ‘आणि फित्र्याला?’

‘हाच,’ म्हटलं. ‘दुसरं पोतं तू घरी ने.’