हायड्रोजनचे २एस वर की पोटॅशियमचे?

प्रश्न : हायड्रोजन, लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांपैकी कोणाच्या २एस कक्षकाची (दुसऱ्या कवचातील इलेक्ट्रॉनच्या जागेची) ऊर्जा सर्वांत जास्त? पोटॅशियमचा अणू मोठा, मग त्याचीच ना?

उत्तर : नाही, हायड्रोजनची. पोटॅशियमचा आकार ठरतो ४एसमुळे; त्याचे २एस आत खोलवर, १९ प्रोटॉनांच्या ओढीत असते. हायड्रोजनचे गणित सोपे : ऊर्जा = −१३.६ × (अणुअंक)² ÷ (कवचाचा क्रमांक)², म्हणजे −१३.६ ÷ ४ = −३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचे एकक). लिथियमसाठी त्याच सूत्रात अणुअंक ३ थेट घातलात तर −३०.६ येते आणि ते साफ चुकते, कारण १एसमधले दोन इलेक्ट्रॉन केंद्रकाचा प्रभार झाकतात. स्लेटरच्या नियमाने (हे झाकणे मोजण्याची ढोबळ रीत) प्रत्येकी ०.८५ वजा करा : ३ − १.७ = १.३. मग १.३ चा वर्ग १.६९ घेऊन −१३.६ × १.६९ ÷ ४, म्हणजे सुमारे −५.७. आयनीभवन ऊर्जेवरून (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेवरून) −५.४ मिळते, एवढ्या साध्या नियमाला हे छानच. सोडियमचे २एस याहून पुष्कळ खाली, पोटॅशियमचे त्याच्याही खाली. परीक्षेत बहुतेकांचा घात ऋणचिन्ह करते : −५.४ ही ऊर्जा −३.४ पेक्षा कमी आहे.