"माझ्या एका सहीनं काय होणार, मॅडम?"

(तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती माझ्याकडे समुपदेशनाला आली होती, झोप लागत नाही म्हणून. तिशीची, नोकरी बरी चाललेली, घरात कुरबुर नाही. दुसऱ्या भेटीत म्हणाली, "हसू नका मॅडम. मला गरिबीचं टेन्शन येतं. माझ्या नाही, जगाच्या."

मी हसले नाही. असं सांगणारी ती पहिली नव्हे. रात्री फोनवर उपासमारीची बातमी, मग एखाद्या निवेदनावर सही, आणि लगेच टोचणी: मी सही करून मोकळी झाले, मुलं उपाशीच. वर तिनं मला आधीच बजावलं, "थेंबे थेंबे तळे साचे, तेवढं सांगू नका."

सांगणार नव्हतेच. त्या म्हणीनं कुणाला झोप लागलेली मी तरी पाहिलेली नाही.

मी विचारलं, "शेवटची सही कुणाला उद्देशून होती?"

तिला आठवेना. "गरिबी संपावी म्हणून होती."

गाठ इथेच होती. एक सही आणि समोर कोट्यवधींचं दारिद्र्य, अशी तुलना केली की काहीही केलं तरी उत्तर शून्यच येतं. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. ज्यांना आपण मदत करू शकत नाही त्यांची आठवण करून दिली, की ज्याला करू शकतो त्याला मदत करण्याचं समाधानही कमी होतं, आणि हातही आखडतो. म्हणजे तिचं मन बिघडलेलं नव्हतं, माप चुकत होतं.

मग मी तिला कर्जमाफीच्या चळवळीबद्दल सांगितलं. (समुपदेशकानं इतकं बोलू नये, माहीत आहे. पण त्या दिवशी बोलले.) १६ मे १९९८ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये जी-८ या आठ बड्या देशांच्या गटाच्या परिषदेच्या वेळी सुमारे ७० हजार लोकांनी हातात हात धरून साखळी केली. मागणी एकच: गरीब देशांवरचं न फिटणारं कर्ज माफ करा. गंमत अशी की नेतेमंडळी त्या दिवशी शहराबाहेर बैठकीला गेली होती. साखळीतल्या कितीजणांना वाटलं असेल, फुकट उभे राहिलो! पण सह्या, पत्रं चालू राहिली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या कोलोनला याच गटाच्या परिषदेत कर्जमाफीची योजना वाढवली गेली. २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्सच्या परिषदेत आणखी कर्ज सोडण्याचं ठरलं. कर्जातून मोकळीक मिळाल्यावर आफ्रिकेतल्या झांबियानं एप्रिल २००६ मध्ये ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांतलं शुल्क रद्द केलं.

"म्हणजे सह्यांमुळे दवाखाना फुकट झाला?"

"फक्त सह्यांमुळे नाही. अर्थतज्ज्ञ होते, चर्च होती, स्वतः त्या देशांतले कार्यकर्ते होते. आणि २०२० मध्ये झांबियाचे हप्ते पुन्हा थकले, हेही सांगते."

हे ऐकून ती पहिल्यांदा सैल झाली. मला वाटतं, गोड गोष्ट सांगितली असती तर तिनं विश्वास ठेवला नसता.

गृहपाठ दिला तो असा: महिनाभर निवेदनांवर सह्या बंद. त्याऐवजी आपल्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला एकच पत्र, त्यात एकच प्रश्न, आणि बरोबर आणखी दोघंजण. प्रश्न तिनंच शोधला: गरीब देशांच्या कर्जाची फेररचना होते तेव्हा खासगी सावकारांनीही सूट द्यावी, यावर तुमची भूमिका काय? रात्री दहानंतर बातम्या मात्र बंद. यावर तिनं पत्रापेक्षा जास्त हुज्जत घातली.

पाच आठवड्यांनी ती उत्तर घेऊन आली. छापील साच्याचं, दोन ओळींचं: पत्र मिळालं, आभार. मला वाटलं, आता ही खचणार. तर म्हणाली, "प्रश्नाचं उत्तरच दिलेलं नाही. आम्ही परत लिहिलंय. या वेळी अकराजण आहोत."

झोप अजून पूर्ण लागत नाही. त्यामागे वडिलांच्या आजारपणाची जुनी भीती निघाली, त्यावर आता काम सुरू आहे.