वसंतात शहरातल्या टेकडीवर मुलांना रानफुलं दाखवायला न्यायचंय. काय दिसेल, आणि ती जपायची कशी?

तुम्ही छत्रपती संभाजीनगरात सोसायटीतल्या मुलांना घेऊन फाल्गुन-चैत्रात फेरी काढणार, आणि जाता जाता 'टेकडी साफ करून चार झाडं लावू' असंही लिहिलंय. फेरी जरूर काढा. ते पुढचं वाक्य वाचून मात्र पोळ्या तशाच ठेवून लिहायला बसले.

आधी फुलांचं. कास पठाराचे फोटो डोक्यात ठेवून मार्चमध्ये गोगाबाबा टेकडी चढलात तर मुलं वैतागतील. आपल्याकडे वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. जमिनीवरची बहुतेक फुलं श्रावण-भाद्रपदात उरकून घेतात आणि बी मुरमात टाकून मोकळी होतात. वसंतात बघायची ती झाडं. पळस, पांगारा, काटेसावर. मग करंज, कडुनिंबाचा मोहोर. ऊन चांगलं तापलं की बहावा. पळसाची खरी गर्दी बघायची तर कन्नडच्या पुढे गौताळ्याला जा. शहरात एखादं झाड सापडलं तरी मुलांना पुरतं. त्याच्याखाली अर्धा तास बसवा. मैना, सूर्यपक्षी, कोतवाल, नशीब असेल तर भोरड्या, सगळे तिथेच येतात. रंगपंचमीच्या रंगासाठी पडलेली फुलं गोळा करा, फांदी ओढायची नाही.

जमिनीवर काहीच नसतं असंही नाही. काटेरिंगणी असते, आणि माझं सगळं भांडण तिच्यावरूनच आहे.

ऐन उन्हात, पाणी नाही, माती नाही, अशा बरडावर ती चपटी पसरलेली असते. पानांवरसुद्धा पिवळे सरळ काटे. फूल जांभळं, पाच कोनांचं, मधे पिवळ्याधमक परागकोषांचा जुडगा. हे परागकोष वांग्यासारखेच, उभे फाटत नाहीत; टोकाला बारीक भोक असतं. पराग बाहेर काढायचा तर फुलाला लटकून अंग थरथरवावं लागतं. भुंग्याला ते जमतं, आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला जमत नाही. सकाळी कान जवळ नेलात तर भुंग्याचा आवाज उडतानाचा वेगळा आणि फुलावर बसल्यावरचा वेगळा ऐकू येतो. मुलांना हे एकदा ऐकवा, मोबाइल विसरतील. फळं हिरवी, पांढऱ्या पट्ट्यांची, पिकली की पिवळी. आयुर्वेदातल्या दशमुळांतलं एक मूळ हिचंच. आमच्या सासूबाई खोकल्याला तिचा काढा करायच्या (तुम्ही करू नका, वैद्याला विचारा).

तर आमच्या थोरल्या दिरांचा सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे. माणसं चांगली, हौशी. होळीच्या आधी त्यांनी टेकडीचा एक उतार 'दत्तक' घेतला. काटेरिंगणी कुदळीनं उपटली, का तर कुत्र्यांच्या पायात काटे जातात. वाळलेलं गवत दाताळ्यानं ओढून ढीग केले आणि पेटवले. मग जेसीबी आणून खड्डे, खड्ड्यांत गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), कारण ते लवकर वाढतं आणि माघ-फाल्गुनात गुलाबी फुलतं, फोटो छान येतात. बोर्ड लागला, फीत कापली. मी तिथे टिटवी जागा सोडेना म्हणून बघायला गेले तर खड्ड्याच्या काठावर, खडीत खडीसारखीच दिसणारी तिची अंडी होती.

रविवारी जेवताना मी विषय काढला. भावजी म्हणाले, "तिथे होतंच काय? उजाड माळ होता." मी म्हटलं, उजाड होता तर उपटलंत काय? त्यावर सगळे हसले आणि कोशिंबीर पुढे सरकवली. वादात मी जिंकले असं कुणीच मानलं नाही. पावसाळ्यात त्या उतारावर कुर्डू, तेरडा यायचा तिथे गाजरगवत कमरेएवढं माजलं. उकरलेली, उघडी पडलेली जमीन त्याला फार आवडते. यंदाचं गवत काढायला पुन्हा ग्रुपच गेला, फोटोसकट.

तुमच्या 'जपायची कशी' ला माझं उत्तर एवढंच: हात लावू नका. पायवाट सोडू नका, खणू नका, जाळू नका. प्लास्टिक आणि बाटल्या उचला, ती खरी सफाई. फुलांचे बीजगोळे (मातीच्या गोळ्यात बी) म्हणून बाजारातल्या कॉसमॉसचं बी फेकू नका, ते मेक्सिकोकडचं आहे. आपल्याकडे शहरातली झाडतोड रोखणारा 1975 चा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्षाचा मानही मिळाला. जमिनीला चिकटलेल्या काटेरी रोपट्याला त्यात कुणी विचारत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं मात्र प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही (तिथल्या झाडाझुडपांची, जीवांची नोंद) हवी. फेरीत मुलांनी टिपलेलं तारीख, जागा, फोटो घालून महापालिकेत द्या आणि पोच घ्या. वृक्षारोपणाच्या बोर्डापेक्षा ते जास्त कामाचं.

झाडं लावूच नयेत असं मी म्हणत नाही हं. रस्त्याकडेला, शाळेत, सोसायटीत खुशाल लावा. कडुनिंब, करंज, बहावा. उन्हाळ्यात पाणी घालणारा माणूस आधी ठरवा. आणि मी वनस्पतीशास्त्र शिकलेले नाही, बँकेत नोकरी केली. एखादं नाव चुकलं असेल तर जाणकारांनी खाली सांगावं. वाट्टेल ते फूल तोंडात घालू देऊ नका, पिवळा धोतरा तर अजिबात नाही. नऊच्या आत खाली उतरा, मुलांना ऊन लागतं. हिमायतबागेत जाणार असाल तर आधी परवानगीचं विचारा, तिथे कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे.

भावजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, जाऊबाई लिंक पाठवतातच. यंदा बीजगोळे करायचेच असतील तर पळसाचे करा. वैशाखात चपट्या शेंगा गळतात, टोकाला एकच बी असतं. टेकडीवर टाकू नका, बायपासच्या कडेला टाका. कुदळ घरीच राहू द्या.