बासरी पॅडवर बसत का नाही?

प्रश्न : मी बासरी वाजवतो. मागे सिंथचा (सिंथेसायझरचा) लांबलचक पॅड, म्हणजे धरून ठेवलेल्या सुरांचा थर, ठेवून रेकॉर्डिंग केलं, तर बासरी वरून चिकटवल्यासारखी वाटते. रिव्हर्ब (घुमारा) वाढवला की सगळंच गढूळ होतं. अँबियंट, म्हणजे वातावरणासारख्या पसरणाऱ्या, संगीतात ही दोन्ही एकजीव कशी होतात?

उत्तर : रिव्हर्बला इतक्यात हात लावू नका. पॅडमध्ये कोणते स्वर धरून ठेवलेत ते आधी बघा. बहुधा सा-ग-प असतील. सिंथचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (एका सप्तकाचे १२०० सेंट). तुमचा कान बासरीवर जो गंधार शोधतो तो ३८६च्या आसपास. एरवी हे १४ सेंट निभावून जातात, लांब धरलेल्या सुरात मात्र टोचत राहतात. माझंही हेच झालं होतं. बासरीच बेसूर लागतेय असं समजून मी कित्येक आठवडे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होते. शेवटी पॅडमधला गंधार काढला, नुसते सा-प ठेवले (पंचमातला फरक जेमतेम २ सेंटचा), आणि बासरी जागेवर बसली. गंधार बासरीलाच घेऊ द्या, तो तिचा आहे.

शिवाय वाजवता वाजवता बासरी चढते. आतली हवा एका अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट वर जातो, सिंथ तिथेच राहतो. म्हणून दहा मिनिटं वाजवून घ्या आणि मग सिंथ बासरीला मिळवा. बासरी सिंथला नाही.

आता एकजीव होण्याचं. पॅड बाहेरून आणण्यापेक्षा बासरीतूनच काढा. मी षड्ज रेकॉर्ड करते, मग सहाही भोकं बंद करून मंद्र पंचम, दोन्ही पूर्ण दमाचे. ते एक सप्तक खाली उतरवून ग्रॅन्युलर सिंथमध्ये टाकते; तिथे सुराचे बारीक कण होऊन पसरतात. ऐकणाऱ्याला ती बासरी आहे हे कळतही नाही, पण फुंकरीची खरखर त्यात उरलेली असते. त्यावर खरी बासरी आली की घरच्या माणसांत आल्यासारखी वाटते. म्हणूनच सुराआधीचा श्वास, भोकावरून बोट उचलतानाचा तो बारीक टप्प आवाज, काही पुसू नका. नॉइज रिडक्शनने (खरखर पुसणाऱ्या प्रक्रियेने) हेच आधी मरतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे) वापरलेत तर त्यांची लांबी जुळू देऊ नका. अँबियंट संगीतकार ब्रायन इनोच्या १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मधल्या एका रचनेत गायलेला एकेक सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेप लूपवर आहे: एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळजवळ सव्वीस, तिसरा जवळजवळ तीस. त्यामुळे सुरांची तीच गाठभेट सहसा पुन्हा होत नाही.

हे सगळं झालं की मग रिव्हर्ब. दोघांना एकच, सेंडवरून, म्हणजे दोघांचा थोडा थोडा आवाज त्याच रिव्हर्बकडे पाठवून. त्याच्या परतीच्या आवाजातलं २०० हर्ट्झच्या खालचं कापून बघा. तुम्ही म्हणता तो गढूळपणा बराचसा तिथेच साचलेला असतो.