शाळेच्या परसबागेत काय लावू, आणि मुलांना स्वयंपाक करू द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की पहिली ते पाचवी शाळा, पट साठ, मागे अर्धा गुंठा जागा, आणि सहकारी म्हणतायत की पोरांना खुरपायला नि चिरायला लावलं तर पालक बोंबलतील. या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. आमची शाळा सातवीपर्यंतची, माण तालुक्यातली. आता रिटायर झालेय.

भाज्यांचं आधी उरकते. पावसाळ्यात भेंडी, गवार, कुंपणावर दोडका नि घोसाळं, दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा. मेथी महिन्याभरात हाती येते, त्यामुळे पोरांचा दम टिकतो. हात धुतल्याचं पाणी जातं तिथे अळू. एक शेवगा लावाच पण काट्या लावून, शेळ्या पाला ठेवत नाहीत. आणि रोजची भाजी बागेतून निघेल हे डोक्यातून काढा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 50 ग्रॅम भाजी धरलीय, साठ पोरं म्हणजे रोजची 3 किलो. अर्ध्या गुंठ्यातून रोज तीन किलो काढून दाखवणारा मला तरी अजून भेटायचाय. आठवड्यातून एकदा निघाली तरी भरपूर झालं.

आता पालकांचं. आमच्याकडे गवार अशी लागली होती की संपता संपेना. शनिवारी सातवीच्या पोरापोरींना वऱ्हांड्यात बसवलं, शेंगेची टोकं मोडायची, शीर ओढायची, तुकडे करायचे. एक पोरगं कंपासमधली पट्टी काढून बसलं, प्रत्येक तुकडा मोजून दीड इंच, जरा कमीजास्त झाला की बाजूला. पोरी हसून लोळायच्या बाकी. तेवढ्यात त्याचा बाप कसल्याशा दाखल्यासाठी आला नि बघतो तर लेक भाजी मोडतोय! म्हणाला, "बाई, पोराला शिकायला धाडलंय, आचारी करायला नाही." मी म्हटलं, "लग्नात आचाऱ्याला किती मोजता दादा?" तो काही बोलला नाही पण आमच्यातलेच एक गुरुजी पुढे झाले आणि म्हणाले की हे बरोबर बोलतायत, पोरींना बसवा ना, पोरं वाफे खणतील. झालं! बाप परवडला, पण बीएड झालेला माणूस असं बोलतो म्हणजे काय? पुढची कितीतरी वर्षं स्टाफरूममध्ये आमचं हेच चालायचं. त्यांचं म्हणणं, यांच्या घरी जन्मभर खुरपंच आहे, निदान शाळेत तरी नको. ऐकायला बरं वाटतं, पण मग सातवीतल्या पोराला शेकडेवारी कशानं शिकवणार होतात? ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून ठेवल्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी उघडून कोंब मोजले की शेकडेवारी फळ्यावर लिहावीसुद्धा लागत नाही. आणि हे काही मी काढलेलं खूळ नाही, 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली ती हीच, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढणाऱ्या कलबाग सरांनी तिथे शेती, वेल्डिंग नि स्वयंपाक एकाच अभ्यासक्रमात बसवले. गुरुजींना हे सांगितलं की ते म्हणायचे, पाबळ वेगळं. काय वेगळं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बापानं पुढचे काही शनिवार पोराला पाठवलं नाही. आईनं मात्र त्याच्याच हाती चिंधीत बांधून घोसाळ्याचं बी धाडलं, त्यावर मी काय समजायचं ते समजले.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, करू द्या, आणि कामाची पाळी हजेरीपटाच्या क्रमानं लावा. पोरगा-पोरगी, कुणाच्या घरचा, कुठल्या आळीतला, काही बघायचं नाही. वाढायलाही तीच पाळी. कुणाच्या हातचं कुणी खायचं यावर अजूनही गावात कुजबूज होते, ती शाळेच्या फाटकाबाहेर राहू दे. तालुक्याच्या परसबाग स्पर्धेसाठी विटांना गेरू-चुना फासून फोटो काढणार असाल तर मात्र राहू द्या, त्यापेक्षा शोभेचं क्रोटन लावा.

हां, एक राहिलं. तुमची पोरं पाचवीपर्यंतची, त्यांना सुरी नि गॅस नाही. शेंगा मोडणं, भाजी निवडणं, कोशिंबीर कालवणं, भेळ, एवढंच. रोजचा आहार स्वयंपाकीताईच शिजवणार, त्यांचं काम पोरांवर ढकलायचं नाही. पण त्यांना विश्वासात घ्या, कारण मुळासकट मातीनं भरलेली मेथी आणून पुढ्यात टाकली की त्या वैतागतात, आणि त्या मानधनात वैतागू नये तर काय करावं. निवडून, धुऊन द्या. फवारणी पोरांच्या हाती नको, निंबोळी अर्क असला तरी. आणि जे पोर पहाटे घरची जनावरं करून येतं त्याला पाणी घालायच्या पाळीतून वगळा, गुरुजींचं तेवढं खरं होतं.

मे महिन्यात पाणी कोण घालणार ते जूनमध्येच ठरवा. आमच्याकडे मार्चपासूनच टँकर, त्यामुळे उन्हाळ्यात शेवगा नि कढीपत्ता सोडून आम्ही काही ठेवायचोच नाही.