टोयोटा टुंड्राच्या 5.7 लिटर व्ही-8 ला सुपरचार्जर बसवला तर इंजिन टिकेल का?

टिकतं, पण बूस्ट (सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो तो जादा दाब) 6-8 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास ठेवलं आणि ट्यूनिंग नीट असलं तरच. या इंजिनासाठी टोयोटाच्याच टीआरडी विभागाचं किट अमेरिकेत मिळायचं. 381 ची ताकद 504 हॉर्सपॉवरवर जायची.

इंजिन मरतं ते बहुतेक नॉकिंगमुळे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मुळातच 10.2:1, त्यात दाबलेली गरम हवा. पेट्रोल कमी पडलं किंवा हलकं (कमी ऑक्टेनचं) भरलं, की ज्वाळा पोचायच्या आधीच मिश्रण आपोआप पेटतं, हेच नॉकिंग, आणि पिस्टनच्या रिंगांमधली पातळ कड तुटते. मग तेल जळणं, निळा धूर, इंजिन खोलणं! म्हणून अमेरिकन मापाचं 91 ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची पेट्रोलची क्षमता) कायम, मोठे इंजेक्टर, एक श्रेणी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) स्पार्क प्लग आणि त्यांची गॅप जरा कमी. पूर्ण थ्रॉटलवर एअर-फ्युएल रेशो (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) 11.5 ते 12 च्या आसपास हवा. 13 दिसला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर तिथेच पाय काढा.

किट घेण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो) आणि लीकडाउन (भरलेली हवा किती गळते) टेस्ट करा. एखाद्या सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर विषय सोडा.

ट्रेलर ओढणार असाल तर खरी चिंता गिअरबॉक्सची. चढावर बूस्ट मिनिटन्‌मिनिटं लागून राहतं, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) तापतं. या तेलाच्या तापमानाचा गेज लावाच. 120 अंश सेल्सियसच्या वर जात असेल तर मोठा कूलर घाला. सुपरचार्जर फिरवणारा पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर दर सर्व्हिसिंगला बघा. पट्टा घसरला की बूस्ट आधी पडतं, चिरका आवाज नंतर येतो.